संत्र्याच्या वासाची बिअर

दादा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी पुण्याहून बिअरचे चार कॅन घेऊन गावी गेलो. नोकरी लागल्यापासून ती रीतच पडली होती. दर खेपेला एखादी नवी बिअर न्यायची आणि दादा, त्याचा शेजारचा दोस्त आणि मी गोठ्यामागे बसून तिला दहापैकी मार्क द्यायचे. दादाच्या हातून कुठल्याच बिअरला सातच्या वर मिळाले नाहीत. त्याचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं, तरी दुकानात हात आपोआप पुढे गेला.

शेलूबाजारच्या एसटी स्टँडवर दादाचा दोस्त मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत आमची बाग लागली. म्हणजे बाग होती ती जागा. दादाच्या मागे संत्र्याची झाडं वाळली, ती काढून आता तिथे सोयाबीन पेरतात. आम्ही दोघंही तिकडे न बघता पुढे गेलो.

दिवेलागणीच्या आधी गोठ्यामागे बसलो. दोस्ताने स्टीलच्या ग्लासात ओतली आणि ग्लास उजेडाकडे तिरपा केला.

"गढूळ हाय बे हे! नासली वाट्टे."

"हेझी आयपीए म्हणतात. ही बिअर गढूळच असते."

"आयपीएस मालूम हाय मले. हे आयपीए कोनत्या खात्यात येते?" त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "बोअर मारल्यावर पयली धार येते ना, तसा रंग. अन् चव म्हनशीन तं कडूलिंबाच्या पाल्यात संत्र्याची साल वाटली. साडेतीन."

"साडेतीन कशाचे?"

"तीन थंडी हाय म्हून. अर्धा तू पुन्याहून वाहून आनली म्हून."

आम्ही हसलो आणि एकदमच थांबलो. दादाचे मार्क यायची आम्ही दोघंही वाट बघत होतो, हे दोघांच्याही लक्षात आलं.

तेवढ्यात वहिनी घरातून जवळजवळ धावतच आली. दोस्ताने घाईने ग्लास गव्हाणीमागे सरकवला. पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"संत्रं कोनं सोललं?"

वैशाखात आमच्या घरात संत्रं कुठून असणार?

"भाऊजी, खरं सांगा. तुमाले बी वास येऊन राह्यला ना?"

"येतो, वहिनी," मी म्हणालो.

ती तिथल्याच दगडावर बसली. मग सांगू लागली. दादा गेल्यापासून रोज दिवा लावायच्या वेळेला ओसरीत संत्र्याचा वास येतो. बागेतून आल्यावर तो जिथे बसायचा तिथेच. "कोनाले सांगू? लोक म्हनतीन, बाई येडी झाली." रिसोडचा तिचा भाऊ दोनदा न्यायला आला होता. काही ना काही निमित्त काढून तिने त्याला परत पाठवलं होतं.

मी कॅन दाखवला. या बिअरमध्ये एक फूल घालतात, त्याला असा वास असतो, असं समजावून सांगितलं. सांगता सांगता तिचा चेहरा उतरत गेला आणि मला वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. तिने नाकाला पदर लावून कॅन हातात घेतला, मग पदर काढून बराच वेळ हुंगला.

"नाही," ती म्हणाली. "हा नुसता सालीचा हाय. तो त्यायच्या हातायचा रायते."

दोस्ताने राहिलेले कॅन मुकाट्याने पोत्यात भरले आणि आपल्या घरी नेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीत बसलो. मुद्दामच बसलो, हे कबूल करतो. वहिनीने देवापुढे दिवा लावला आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. समोरच्या रस्त्यावरून कुणाच्या तरी म्हशी गेल्या, धूळ उडाली, बसली. आणि मग तो आला. आधी अगदी पुसट. नंतर इतका जवळ, की शेजारी कुणी ओल्या हाताचा माणूस येऊन टेकला असावा. मी माझे हात हुंगले. त्यांना दुपारच्या वरणाचाच वास होता. शेजारी बघायची हिंमत झाली नाही.

"वहिनी," मी हाक मारली.

आत कणकेचा आवाज थांबला. "आला न?"

"हो."

ती पीठभरल्या हातांनी दारात आली आणि हसली. दादा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसताच डोळे भरून आले. "म्हंजे मी येडी नाही झाली," ती म्हणाली.

आठवड्याभरात ती भावाबरोबर रिसोडला गेली. या खेपेला तिने एकही निमित्त काढलं नाही. घराला कुलूप लागलं. गोठा मात्र दोस्त वापरतो, त्याची गाय तिथे बांधतो.

परवा पेरणीचं सांगायला त्याचा फोन आला. पाऊस, बियाणं, सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, "संध्याकाळी दूध काढायला जातोस, ओसरीत बसतोस का कधी?"

"नाही बसत."

"काहून?"

पलीकडे गाय हंबरलेली ऐकू आली.

"तू येशीन तवा," तो म्हणाला, "आपन दोघं बसू."