तुर्कूतलं काज

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात जुन्या कारागिरांची वस्ती तशीच जपली आहे. लाकडी घरांत माणसं जुनी कामं करून दाखवतात. माझ्या यादीत तिला अर्धा तास होता.

शिंप्याच्या खोलीत हे थबकले. आमचं शिवणाचं दुकान बंद केल्यापासून ह्यांनी सुईला हात लावला नव्हता. तिथे कोटाला गुंडीचं काज करत बसलेल्या बाईंना सरळ मराठीत म्हणाले, "काज असं नाही, ताई. आणा इकडे."

त्यांनी हसून सुई दिली.

"अहो, इथला किल्ला बघायचा राहिलाय."

"तू हो पुढे."

मी अंगणात आले. दुकान बंद करायचा आग्रह माझाच होता आणि तो योग्यच होता. मग खिडकीतून ह्यांची वाकलेली मान दिसताच मी तिथेच का थांबले? किल्ल्याकडे निघावं की परत आत जावं, काही सुचेना.