सतरावा अंक आणि आठवी शीट

पूल ओलांडून आम्ही पेट्रोल पंपापाशी आलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि निघाल्यापासून दादा एक अक्षर बोलला नव्हता. पाठीवर ड्रॉइंगच्या कागदांची लांब नळी, काखेत टी-स्क्वेअरची पट्टी, आणि चाल अशी की मला मधूनमधून पळावं लागत होतं. मेळावा सुटल्यामुळे बसगाड्या खचाखच भरून जागच्या जागी उभ्या होत्या. उभं राहण्यापेक्षा चाललेलं बरं, एवढंच तो फाटकापाशी म्हणाला होता. घर सात किलोमीटर. धाकटी बहीण परस्पर तिच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला गेली, त्यामुळे आम्ही दोघंच. तोंड कोणी उघडायचं हे काही ठरत नव्हतं. चूक माझी होती. निदान तोवर मी तसंच समजत होते.

आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. सोळा वर्षं झाली. लिफ्टच्या खड्ड्यात तो उतरतो, तारेचा दोर तो चाचपून बघतो, ब्रेक तो लावतो, आणि लिफ्ट सुरक्षित असल्याच्या कागदावर सही करतो तो पदवीवाला साहेब, जो तेवढा वेळ खाली चहा पीत असतो. दोन वर्षांपूर्वी दादाने एका इमारतीतल्या लिफ्टचा दोर बदलायला सांगितला, आणि साहेबाने वर न बघताच ठीक आहे म्हणून सही ठोकून दिली. देवाच्या कृपेने कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी दादा घरी आला, हात धुतले आणि आईला म्हणाला, "आता सही माझी पाहिजे." पुढच्याच महिन्यात त्याने संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं.

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तर पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले. आता ती त्याला काका म्हणतात आणि गणितं त्याच्याकडूनच समजून घेतात. गणितात त्याचं काही अडत नाही. अडलं ते ड्रॉइंगला. पहिल्या वेळी शीटवर बोटांचे तेलकट डाग पडले म्हणून नापास. दुसऱ्या वेळी डाग नव्हते, रेघा स्वच्छ होत्या, पण सरांनी विचारलं की हा दातेरी चाकाचा एक दात झिजलेला का काढलाय. दादा म्हणाला, असतोच तो झिजलेला. सर म्हणाले, पुस्तकात नाही. परत नापास. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कटतं, असा त्यांचा नियम. आठ शीट, सोमवारी सकाळी दहाच्या आत. शनिवारपर्यंत सात झाल्या होत्या. आठवी गाडी उचलायच्या जॅकची, मधोमध कापल्यावर आत कसा दिसेल ती, आणि तीच सगळ्यांत किचकट.

आणि मधल्या रविवारी 'पाताळगाडी'च्या चाहत्यांचा मेळावा.

'पाताळगाडी' हे आमच्या लहानपणचं चित्रांचं साप्ताहिक. जमिनीखालून धावणारी गाडी आणि तिची बाई कप्तान. दादा मोठ्याने वाचायचा, आम्ही दोघी दोन्ही बाजूंना. तेव्हा कधीतरी त्याने आम्हाला शब्द दिला होता, की हे वाचणारे सगळे लोक कुठे जमले तर आपण तिघंही जायचं. मी तर विसरूनही गेले होते. धाकटीने जाहिरात आणून दाखवली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, यंदा नको, दादाचं कॉलेज आहे, पुढे कधीतरी. दादा म्हणाला, शब्द दिलाय. एकला तिथून निघू, दोनला घरी, सहा तासांत शीट होते. आईने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. म्हणाली, पस्तिशीचा घोडा, आणि चित्रांची पुस्तकं बघायला निघालाय. तरी डबा मात्र तीन माणसांचा भरून दिला.

रांगेत त्याने धाकटीच्या पाठीवर वही ठेवून जॅकची मापं मांडली. ती हलली की ओरडा खायची. आत गेल्यावर जुन्या अंकांच्या टेबलापाशी तो बराच वेळ एक अंक उघडून उभा होता. मी हाक मारली तसा त्याने तो चटकन खाली ठेवला. मग एका खांबाला टेकून खाली बसला, बोर्ड मांडीवर घेतला आणि कच्चं काढायला लागला. तर थोड्या वेळाने त्याच्यासमोर एक जोडपं उभं. त्यांच्यामागे आणखी चौघं. त्यांना वाटलं हा चित्रकारच. बाईंनी अदबीने विचारलं, कितवा अंक काढताय? दादाने मान वर न करता सांगितलं, "आठवी आहे. सोमवारी निघते." त्यांनी सही मागितली. दादाने दिली.

तिघातिघांची प्रश्नमंजुषा होती. धाकटीने आम्हाला न विचारता नावं देऊन टाकली होती. पहिल्याच फेरीत हरून मोकळे होऊ, असं मला वाटलं. पण आम्ही हरायलाच तयार नाही! नकाशेवाल्याच्या कुत्र्याचं नाव काय, गाडीला डबे किती, धाकटी घंटी दाबायची आणि मी उत्तर द्यायची. एक वाजला तेव्हा आम्ही दुसऱ्या फेरीत होतो. मी दादाच्या कानात म्हटलं, नाव काढून घेऊ, चल. त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, "सुरू केलंय ना? मग संपवू."

शेवटच्या फेरीला साडेचार वाजले. दोन संघ बरोबरीत. व्यासपीठावर मी पदराआड हात जोडले, पण खरं सांगते, जिंकायचं मागितलं नाही. दादाची शीट मागितली. मग प्रश्न आला. सोळाव्या अंकात कप्तान खोल विहिरीत अर्ध्यावरच्या कपारीत अडकते, ती सतराव्या अंकात बाहेर कशी येते?

हे तर मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मी सांगितलं, ती गाडीची सुटी चाकं दोराला बांधते, दोर वरच्या तुळईवरून घेते, दुसऱ्या टोकाला बादली बांधून आत बसते, आणि चाकं खाली ढकलून देते. चाकं खाली, कप्तान वर.

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी हातातला कागद परत बघितला. म्हणाले, संघप्रमुखांना हे उत्तर मान्य आहे का? दादाने माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि मान हलवली.

सगळं सभागृह हसलं. बरोबर उत्तर होतं, सोबत्यांनी वरून दोर सोडला आणि तिला ओढून घेतलं.

असे आम्ही हरलो, आणि म्हणून रस्ताभर गप्प होतो. दुपारचे चार तास गेले होते आणि हाती काही नव्हतं. पेट्रोल पंपाच्या पुढे टायरची दुकानं लागली, तिथे मला राहवेना. म्हटलं, दादा, माझ्या डोक्यात हे कुठून आलं तेच कळत नाही. चित्रं अजून डोळ्यांसमोर आहेत. तुझ्या मित्राने नेलेल्या अंकावरून तू ती उतरवून आणली होतीस.

"मित्राकडे अंक नव्हताच," दादा म्हणाला.

मग चालता चालता त्याने सांगितलं. सतरावा अंक त्याने आणला होता, पण बसमध्ये काखेतून कुठेतरी पडला. त्याने स्वतःही वाचला नव्हता. आमच्या गावातल्या एकुलत्या एका दुकानात प्रत एकच यायची. घरी येऊन त्याने आम्हाला थाप मारली की मित्राने वाचायला नेलाय. दोन दिवसांनी तो खरं सांगून टाकणार होता. पण मी म्हणे रोज निजताना देवाला घरच्या सगळ्यांची नावं सांगून झाली की शेवटी म्हणायची, आणि विहिरीतल्या कप्तानबाईंना सांभाळ. ते ऐकून त्याची हिंमत होईना. त्याचं तेरा वर्षांचं वय. आठ दिवस तो शाळेच्या मागच्या ओट्यावर बसून स्वतःच्या मनाने सोळा पानं रचून काढत होता.

मला हे माझं देवाला सांगणं आठवत नव्हतं. मी पदराने तोंड पुसलं. विचारलं, मग आज खरं उत्तर तुला ठाऊक होतं?

"सकाळीच कळलं. त्या टेबलावर वाचला."

"आणि तरी मान हलवलीस?"

"तू तीनशे माणसांसमोर माझं उत्तर दिलंस. मी नाही म्हणू?" मग म्हणाला, खरा अंक वाचून हिरमोड झाला. त्यात ती नुसती बसून राहते, कोणीतरी दोर सोडेल म्हणून.

बक्षिसातला सगळ्या अंकांचा संच गेला, त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की आता घरी पोचेपर्यंत सात, मग रात्रभर जागरण, आणि सोमवारचे दहा. मी म्हटलं, सरांना विनंती कर, एक दिवस मागून घे. तो नाही म्हणाला. रागाने नाही, नुसता नाही. सरांनी एक दिवस दिला तर ती शीट सरांची झाली म्हणे. मी म्हटलं, हात बघ तुझे, सकाळपासून बसलायस. त्याने चालतानाच दोन्ही हात पुढे धरले, बोटं ताणून बघितली. मग उजवा अंगठा त्याने डाव्या मुठीत दाबून धरला आणि तसाच चालत राहिला.

शेवटच्या चौकात सिग्नलला आम्ही थांबलो. इथून घराचा जिना दिसतो. आईने दिवा लावला होता. दादाने नळी पाठीवरून काढून छातीशी धरली, गर्दीत वाकायला नको म्हणून.

"मास्तरीण, एक काम करशील?" लहानपणापासून तो मला हेच म्हणतो. "जेवण झालं की माझ्यासमोर बस. झोप आली तरी उठू नकोस. आणि सतरावा अंक सांग, माझा, पहिल्या पानापासून. मला आता तो आठवत नाही. तू थांबलीस तर माझा हात थांबेल, म्हणून थांबू नकोस."