समस्त नावाचा कुणी नेकारकाठी राहत नाही

सांगलीच्या एसटी स्टँडवर आईने भडंगाचा पुडा माझ्या पिशवीत कोंबला. पुड्याचा कागद म्हणजे बाबांचं जुनं पत्रक होतं: 'पूररेषा फक्त गरिबांनाच का?' आमच्या घरात उरलेली पत्रकं कधी वाया गेली नाहीत. वह्यांना कव्हरं त्यांचीच, जेवताना ताटाखाली तीच, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले तीही त्यांच्यावरच. बाबा गाडीच्या खिडकीशी उभे होते. "जा. भिऊ नको," म्हणाले, आणि गाडी हलताच पाठ फिरवून भराभरा चालायला लागले. आपला चेहरा मला दिसू नये एवढीच त्यांची धडपड होती.

भिऊ नको म्हणणं सोपं. मी लहानपणापासून भीतच आले होते. बाबांच्या प्रत्येक पत्रकाखाली ठळक अक्षरांत असायचं, 'आपले, समस्त नदीकाठचे रहिवासी'. त्याखाली मुंगीएवढ्या टायपात एकच नाव, बाबांचं. "खाली नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, अफवा," असं ते सांगायचे. पोलीस यायचे ते त्या मुंगीएवढ्या नावाला शोधत. समस्तांपैकी कुणी त्या दिवशी दारात दिसायचं नाही. आई उंबऱ्याशी बसून निवडलेलेच गहू पुन्हा निवडायची आणि मी रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलचा आवाज ऐकत बसायचे.

जर्मनीत हायडेलबर्गच्या विद्यापीठात पीएचडीला आले, पण तिथे राहणं परवडेना. म्हणून एस-बान या लोकल गाडीने थोडं वर, नेकार नदीकाठच्या एका गावात खोली घेतली. गावाचं नाव लिहीत नाही. माणसांना विचारल्याशिवाय त्यांचा पत्ता छापायचा नाही, हे मी तिथेच शिकले. कसं ते सांगते.

गावाला लाल दगडाची वेस आहे आणि वेशीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. सगळ्यात वरची खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. मी सांगलीची. पहिल्याच दिवशी नजरेनं ती पातळी माझ्या तळमजल्याच्या खिडकीपर्यंत ओढून बघितली; खिडकी पाण्याखाली जात होती. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, फ्राउ लेन्त्स. सत्तरी ओलांडलेली, मालवाहू बोटीवरच्या खलाशाची विधवा. गाव मला तिनं दाखवलं. आमची गल्ली पूर्वी कोळ्यांची आणि नावाड्यांची. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी आधी घोडे ओढत. मग नदीच्या तळाशी लोखंडी साखळी टाकली, आणि वाफेची बोट ती साखळी गिळत गिळत वर सरकायची. तिचा भोंगा ऐकला की फ्राउ लेन्त्सच्या आजोबांच्या लहानपणी पोरं पलंगाखाली शिरत. आता घोड्यांच्या वाटेवरून सायकली धावतात. कातडी कमावायच्या शेडमध्ये आइस्क्रीमचं दुकान आहे. रविवारी पांढऱ्या बोटींतून पर्यटक येतात, आमच्या खिडक्यांचे फोटो काढतात आणि हात हलवतात. मीही हलवायचे. परक्या गावाच्या फोटोत आपण रहिवासी म्हणून दिसतोय याची मला गंमत वाटायची.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात बातमी आली. 'परदेश्यांनो, चालते व्हा' म्हणणाऱ्यांचा मोर्चा शनिवारी दुपारी नदीकाठाने, आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाणार होता. रीतसर परवानगी काढलेला. त्या दिवसापासून मी एस-बानमध्ये दाराजवळ बसायला लागले, उतरायला सोपं जावं म्हणून. गल्लीतली काही माणसं फ्राउ लेन्त्सच्या स्वयंपाकघरात जमली. पत्रक काढायचं ठरलं. लिहिणार कोण? माझा हात वर गेला. माझं जर्मन प्रयोगशाळेतलं, पण पत्रक कसं लिहितात हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं.

मी लिहिलं, "मी परदेशी आहे आणि याच गल्लीत राहते." पुढचं आपोआप आलं. शेवटी, सवयीने, बाबांची ओळ जर्मनमध्ये घातली: 'आपले, गल्लीतले समस्त रहिवासी'. समस्तसाठी 'आल्ले' असा जर्मन शब्द वापरला. म्हणजे सगळे.

फ्राउ लेन्त्सने चष्मा लावला. "आल्ले? सगळ्यांना विचारलंत?"

"तसं लिहायची पद्धत आहे आमच्याकडे."

"कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला विचारलंत? तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याला? तो तर त्या मोर्च्यावर फुलं टाकेल."

मी हसले. ती हसली नाही.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "या गल्लीत एक फलक लागला होता. त्यावर लिहिलं होतं, आम्हा सगळ्यांची इच्छा. कोपऱ्यावरच्या घरातल्या ज्यू माणसांना एका सकाळी ट्रकमध्ये बसवून नेलं. ती माणसं त्या 'सगळ्यां'मध्ये नव्हती. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही. पण आम्ही सगळ्यांमध्ये होतो." मग तिनं पेन्सिलीनं तो शब्द खोडला. "सगळे नावाचा कुणी इथे राहत नाही. जे हो म्हणतील त्यांची नावं घाला."

आम्ही दारोदार गेलो. बेकरीवाला म्हणाला, मला गिऱ्हाईक सगळ्यांतलं लागतं. तुर्की भाजीवाला म्हणाला, "बहिणी, तू लिहिलंयस ते बरोबर आहे, पण माझ्या दुकानाला काच आहे." हो म्हणणारे थोडेच निघाले. आणि इथला कायदा नेमका बाबांच्या मताचा: पत्रकाखाली एक जबाबदार नाव हवं, पत्त्यासकट.

फ्राउ लेन्त्स म्हणाली, "माझं घालू. तुम्ही नाही घातलंत तरी चालेल." पण 'मी परदेशी आहे' या वाक्याखाली तिचं नाव म्हणजे शुद्ध खोटं. आणि माझं घातलं, तर शनिवारी तो कागद ज्याच्या हातात असेल त्याला माझी तळमजल्याची खिडकी सापडेल.

झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात असलेल्या माझ्या आतेभावाला, सुधीरदादाला फोन केला. "वेडी आहेस का?" तो ओरडला. "पुढच्या महिन्यात व्हिसा वाढवायला आउसलेंडरबेहोर्डंमध्ये, त्या परदेश्यांच्या ऑफिसात, जायचंय ना? आल्झो, म्हणजे बघ, क्रांती सांगलीत करायची, इथं रेसिडेन्स परमिट सांभाळायचं. शनिवारी इकडे ये. वहिनी मिसळ करणारेय." आपण इथं आलेली माणसं देशातल्या प्रत्येक अन्यायावर इंटरनेटवर आग ओकतो आणि राहत्या गल्लीपुरतं 'आपल्याला काय करायचंय' म्हणतो. मला संताप आला. मिसळीचा मोह झाला, तेही खरं.

मग कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन लावला.

"नाव घालू नको गं," बाबा म्हणाले.

मला वाटलं, लाइन खराब आहे. "हे तुम्ही सांगताय?"

"बाप म्हणून सांगतोय."

"मग पत्रकवाला म्हणून सांगा."

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतीय ती?" बाबा म्हणाले, "कार्ड संपत आलं असेल बघ तुझं," आणि फोन ठेवला. कार्डात भरपूर मिनिटं होती. बाबांना भ्यालेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यानंतर मला आधाराला काही उरलं नाही.

नाव घातलं. पत्ताही. शौर्य वगैरे काही नव्हतं. ते वाक्य माझं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवणं मला जमेना.

पत्रकं वाटून झाली होती; शनिवारी हेल्मेटवाले पोलीस नदीकाठाला उभे राहिले. मी खिडकीची झडप ओढून घेतली. घोषणा पाण्यावरून पलीकडच्या डोंगरावर आदळून परत यायच्या, त्यामुळे दोन्हीकडून मोर्चा येतोय असं वाटत होतं. तो गेला. शांत झालं. मग गल्लीत बुटांचा आवाज आला. दोघे किंवा तिघे. आमच्या दाराशी थांबले. इथे बेलशेजारी आडनाव लिहिलेलं असतं. एकानं ते मोठ्यानं, अडखळत वाचलं: "पा... टिल."

बेल वाजली.

मी घरातल्या बोळकांडीत आले. फ्राउ लेन्त्स जिना उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पायात घरातल्या सपाता. दार उघडायला ती पुढे झाली नाही. माझ्याकडे बघत राहिली. आवाज न करता तिनं ओठ हलवले: तुम्ही सांगाल तसं.

"इथे पाटील राहते का?" बाहेरून आवाज आला.

मी बंद दारातूनच म्हणाले, "हो. मीच ती."

बाहेर कागद चुरगळल्यासारखं वाजलं. मग बूट लांब गेले. ते कोण होते, मारायला आले होते की हात मिळवायला, मला आजही माहीत नाही. फ्राउ लेन्त्स जिन्याच्या पायरीवर बसली.

सांगलीत मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, मी अजून तिथेच राहते. व्हिसा वाढला, पुढच्या वेळी वाढेल का, ठाऊक नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी सांगली म्हणायचे आणि विषय संपायचा. आता मला ते दार आठवतं, ज्याच्या पलीकडे कोण आहे हे न कळताच मी 'हो, मीच' म्हणाले. घर तेच. भीती गेलेली नाही. तीही आता त्याच पत्त्यावर राहते.