सोनाबाईने घासलेला जोड

आमच्या कुंभिवलीची सोनाबाई, माझी चुलतसून, हायवेलगतच्या एका लहान कारखान्यात साफसफाईला जाते. मळ म्हणजे तिचा सात जन्मांचा वैरी. माझ्या चपला ओट्यावर दिसल्या की धुऊन वाळत घालते, आणि मी चहाला अनवाणी.

त्या कारखान्यात चिनीमातीसारखी नळी आणि लोखंडी टोपी चांदी-तांब्याचा डाख वितळवून जोडतात. हे जोड आगीत टिकतात का, ते बघायला तिथल्या मनोज साहेबांनी दोन नमुने भट्टीला लावले. एक आत कायमचा, दुसरा रोज तापवून संध्याकाळी टेबलावर काढायचा. साहेब पुण्याला गेले, भट्टी तल्हाकडे. मोहियुद्दीनचा तल्हा, शहाणा पोरगा.

साहेब परतले, टेबलावरचा नमुना उचलला, तर नळी हातात आणि टोपी लादीवर. साहेब पांढरेफटक. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी येणार होतं.

"तल्हा, आच किती चढवलीस?"

"तुमी सांगितली तेवढीच, सर."

"मग हे काय भुतानं केलं? उद्यापासून येऊ नकोस."

सोनाबाई तिथंच लादी पुसत होती. उठून उभी राहिली.

"साहेब, त्याला नका बोलू. त्यो जोड मी घासलाय."

"घासला? कशानं?"

"चिंच-मिठानं. रोज संध्याकाळी काळा पडलेला असायचा. देवाचा तांब्या घासते तसा लखलखीत करून ठेवायची."

साहेब तल्हाकडे वळले, "तुला दिसलं नाही?"

"दिसलं, सर. मला वाटलं, तुमीच सांगून गेलात."

तल्हाने चिमट्याने आतला नमुना काढला. कोळशासारखा काळा. निवल्यावर साहेबांनी जोर लावून ओढला, हलला नाही.

"अहो बाई, तो काळा थर म्हणजे त्याचं पांघरूण. आतल्या धातूला हवा लागू देत नाही. तुम्ही रोज ते ओढून काढलंत, रोज नवा धातू जळला."

गिऱ्हाइकाला तो काळाच दाखवला. तल्हा राहिला. सोनाबाईला भट्टीच्या खोलीत पाय ठेवायला बंदी झाली.

परवा ओट्यावर तिनं हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "नोकरी वाचली ना गं?"

"वाचली, मामा. पण शिकलेली माणसं मळ जपून ठेवतात हो," म्हणाली. चेहरा असा, जणू घरात कुणी गेलंय.