डावं पेडल
ब्रेकलायनर जळाल्याचा वास आला की मला मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराचा उतार आठवतो. सासऱ्यांच्या दोन जुन्या अमेरिकन कूपे, दोन दारांच्या आणि डाव्या स्टेअरिंगच्या, कुपवाडच्या गॅरेजात दुरुस्त होऊन उभ्या होत्या. एकोणसत्तर सालची ऑटोमॅटिक मी महिनाभर चालवली होती. तिला क्लच नाही. तिचा हँडब्रेकही हातानं नाही, डावं पेडल दाबून लागतो. त्या दुपारी पहिल्यांदाच एकावन्नची, गिअरवाली, गोलमटोल गाडी घेतली. शेजारी गॅरेजचे मिस्त्री होते. उतारावर ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. पुढं मेंढरं रस्ताभर पसरली होती आणि एक पाठमोरी म्हातारी त्यांना हाकत होती. मी सवयीनं डावं पेडल गच्च दाबलं, पण हिच्यात तो क्लच होता. इंजिनानं धरून ठेवलेली गाडी मोकळी सुटली आणि जास्तच पळू लागली. "वैनी, पाय काडा. हिचा हँडब्रेक हातानं वडायचा हाय," म्हणत मिस्त्री माझ्यासमोरून आडवे झाले आणि त्यांनी डॅशखालचा दांडा ओढला. गाडी करकरत, धूर काढत म्हातारीपासून दोन हातांवर थांबली. तिनं वळून सावकाश पाहिलं. "लय देखणी हाय," ती म्हणाली, "पर हॉर्न न्हाई व्हय हिला?" माझे हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते. दोन्ही गाड्यांत भारी कोणती, असं सासरे अजून विचारतात. हॉर्न तर दोघींत सारखाच होता, स्टेअरिंगच्या मधोमध, माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये, आणि नेमका तोच मला आठवला नाही.