चादरींना हवा

रोज सकाळी प्रार्थना आटोपली की नीवेस आपल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि कपाटाचा खालचा खण ओढायची. "चादरींना हवा देते," म्हणायची. हवा द्यायला बराच वेळ लागायचा. बाहेर आल्यावर कुणी काही विचारलं तर ती तोंड मिटून नुसती मान हलवायची.

ईस्टरची गोड बिस्किटं, म्हणजे बुस्सोला, चादरींच्या घड्यांत ठेवायचे, ही बुरानो बेटावरची जुनी रीत. अंड्याच्या बलकांनी पिवळीधमक झालेली ती गोल कडी सुकत जातात आणि कपड्यांना लोण्याचा, व्हॅनिलाचा वास लावतात. म्हणूनच डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा नीवेसनं मुळीच वाद घातला नाही.

"खातंय कोण? वासाला ठेवलेत," ती म्हणाली.

सून लोरेदानाला हे पटलं नव्हतं. मागच्या खेपेला सासूबाईंना चक्कर आली, तेव्हा बोटीतून दवाखान्यात तिनंच नेलं होतं, आणि पुन्हा तसं न्यायची तिची तयारी नव्हती. पण ती पडली पुलापलीकडची, मात्सोर्बो बेटावरची. तिथे आर्टिचोकसारखी भाजी पिकते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पीठ मळायला बसली की सासूबाई म्हणायच्याच, "राहू दे गं. तू आर्टिचोक सोल."

त्या वर्षी ईस्टर झाल्यावर, सासूबाई चर्चला गेलेल्या असताना, लोरेदानानं घरच्या भट्टीत एक वेगळा घाणा भाजला. रंग तोच, आकार तोच. फक्त साखरेच्या जागी मीठ. खणातले सगळे बुस्सोला उचलून तिनं तिथे हे मांडले. सासूबाईंना तक्रार करायची तर चोरून खाल्ल्याचं कबूल करावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी दार लोटलं गेलं, खण वाजला. नीवेस बाहेर आली, शांतपणे पेलाभर पाणी प्यायली, आणखी पेलाभर प्यायली.

"वारा समुद्रावरून आहे आज," ती म्हणाली. "ओठांवर मीठ येतंय."

लोरेदाना भांडी घासत राहिली. त्यानंतर चार दिवस चादरींना हवा मिळाली नाही. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

मग घराला आशीर्वाद द्यायला फादर एजिदिओ आले. पवित्र पाणी शिंपडून झालं, तशी नीवेस लगबगीनं उठली आणि खणातून ताटलीभर बुस्सोला घेऊन आली. लोरेदाना फादरांसाठी गोड वाइन ओतत होती, तिनं चंबू खाली ठेवला.

"घ्या फादर. सूनबाईच्या हातचे आहेत."

फादरांनी चावा घेतला. आशीर्वादाच्या घरी तोंडातलं थुंकता येत नाही. त्यांनी उरलेला तुकडा गोड वाइनमध्ये बुडवला, त्यानं प्रकरण जास्तच बिघडलं.

"चव... वेगळी आहे," डोळे पुसत ते म्हणाले.

"मात्सोर्बोची रीत असेल," नीवेस म्हणाली. "आम्ही बोलत नाही काही."

म्हाताऱ्या सासूसाठी सापळा लावला होता, हे लोरेदाना फादरांना कुठल्या तोंडानं सांगणार? फादर पुढच्या प्रत्येक दारात पाणी मागत गेले. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका एकेक करून डोकावून गेल्या. साखरेचा डबा कसा ओळखावा, हे प्रत्येकीनं तिला मायेनं समजावलं.

संध्याकाळी ती सासूबाईंच्या खोलीत गेली. खरे बुस्सोला तिनं ओच्यात आणले होते.

"आई, रोज अर्धा. त्याहून जास्त नाही."

"अर्धा कसा करायचा? कड्याला सुरुवात कुठे असते?"

"मी मोडून देईन."

नीवेसनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "रंग मात्र अगदी बरोबर आला होता," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पीठ तू मळ. साखर मी घालते."

"साखर मीच घालणार," लोरेदाना म्हणाली.

पुढची सहा वर्षं पीठही तिनं मळलं आणि अर्धा बुस्सोलाही तिनंच मोडून दिला. उरलेला अर्धा रोज कुठे जायचा, ते तिनं कधी पाहिलं नाही.

शेवटच्या हिवाळ्यात नीवेस अंथरुणातून उठेनाशी झाली. एका सकाळी लोरेदानानं धुतलेले अभ्रे ठेवले आणि बुस्सोलाच्या वासाचा तो खण आत ढकलला. मागून आवाज आला, "पुरता लावू नकोस गं. चादरींना हवा लागू दे."