आंतरप्रवाही

खिशातून काय कुठं पडू द्यावं, एवढीही अक्कल मला पन्नाशीपर्यंत आलेली नाही. गोळ्यांचं पाकीट पाडायचंच होतं तर सबंध मेहकर तालुका मोकळा होता. मी ते नेमकं जानेफळात, साडूभाऊंच्या कृषी केंद्रात, त्यांच्या पायाशी पाडलं. आणि आमचे साडूभाऊ म्हणजे दुनियेतली कुठलीही पुडी, बाटली नि डबा मागच्या बाजूनं वाचल्याशिवाय खाली न ठेवणारा एकमेव माणूस!

बीटी कपाशी आली, सारख्याच बियाण्याला शंभर नावं झाली, तेव्हापासून त्यांचा दर्शनी नावावरचा विश्वासच उडाला. "नाव म्हंजे कंपनीनं घातलेली कुंची. आत लेकरू कोन्तं हाये ते पाहा!" असं म्हणत ते कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात, त्याशिवाय त्यांना हत्तीही दिसत नाही. मेव्हण्याच्या लग्नात पंगत खोळंबली, कारण हे आचाऱ्याच्या तेलाच्या डब्यावरचे घटक मोठ्यानं वाचत उभे होते.

पाकीट त्यांनीच उचललं. "ॲसिडिटीचं हाये," मी घाईनं म्हणालो. शेजारी बायको पदराशी चाळा करू लागली. गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या हंगामापासून मला झोप नव्हती, जेवण नको, माणसं नकोत. शेवटी डॉक्टरनं या गोळ्या दिल्या. आणि आठवड्यात फरक दिसेना म्हणून मी त्या सोडायच्या बेतात होतो.

"कायची ॲसिडिटी? सर्ट्रालिन हाये हे. गट, मेंदूतलं सिरोटोनिन टिकवनारा. शिफारस: उदासी, घबराट, तेच ते इचार, मोठा सदमा." गिऱ्हाइकाला फवारणी समजावण्याचाच सूर.

"पन फरक कुठं हाये, साडूभाऊ?"

"हे काय स्पर्शजन्य हाये, सकायी मारलं अन् सांजीले अळी खाली? हे आंतरप्रवाही. मुळातून चढते, तवा शेंड्याले पोचते. महिनाभर दम धरा. अन् बरं वाटलं म्हून मनानंच पंप खाली ठेवू नका, डॉक्टरले इचारा." मग आवाज उतरवून, "सुरुवातीले पोटात उलुसं ढवयते. तेही जाते."

मी पाकीट खिशात टाकून बटण लावलं. परतताना गाडीवर मी त्यांची नक्कल करत हसलो, कितीतरी दिवसांनी. मागे बसलेली बायको वेशीपाशी म्हणाली,

"आहो, चष्मा तर कपायावरच होता भाऊजीचा. न वाचताच सांगतलं त्यायनं सारं. तुमी तरी इचाराचं होतं त्यायले एकडाव, 'तुमी कसे हा?' म्हून."